लॅपटॉपची बॅटरी आणि त्याची स्मृति

लॅपटॉपची बॅटरी काढावयाची म्हटलें कीं पुष्कळ घरांतून एकच शंका निघते : यंत्राची ठरवून ठेवलेली मांडणी, म्हणजे सेटिंग्ज, पुसून तर जाणार नाहीं ना ? या भीतीमुळें फुगलेली बॅटरीहि महिनोन्‌महिने तशीच वापरली जाते, आणि खरा धोका तोच. म्हणून यंत्र कोणती गोष्ट कोठें लक्षांत ठेवतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

लॅपटॉपची स्मृति तीन प्रकारची असते. पहिलींत चालू काम असतें. वीज तुटतांच ती कोरी होते. दुसरी कायमची, कागदपत्रें, छायाचित्रें व बहुतेक सेटिंग्ज तींत राहतात, आणि त्यांना विजेची गरज नसते. तिसरी अगदीं लहान. ती तारीख व वेळ, आणि जुन्या यंत्रांत प्रारंभींची कांहीं मांडणी सांभाळते. १९८४ सालच्या आय.बी.एम.च्या 'पी.सी. ए.टी.' यंत्रांत तिच्यासाठीं निराळी बॅटरी होती. आज पुष्कळ यंत्रांत त्या कामीं ३ व्होल्टची चकती असते. 'सी.आर. २०३२' या तिच्या नांवांतच २० मिलिमीटर व्यास व ३.२ मिलिमीटर जाडी सांगितलेली आहे. कांहीं लॅपटॉपांत मात्र चकती नसते. तेथें मोठी बॅटरी काढल्यास घड्याळ पुन्हां लावावें लागतें, इतकेंच.

सारांश, मोठी बॅटरी काढल्यानें सेव्ह केलेलें कांहींहि जात नाहीं. परंतु झांकण मिटल्यावर यंत्र बहुधा झोपतें, बंद होत नाहीं. अशा वेळीं वीज तोडल्यास अपुरें काम नष्ट होतें. म्हणून काम सेव्ह करावें, यंत्र पूर्ण बंद करावें, चार्जर काढावा, आणि मगच खटके सरकवून बॅटरी काढावी. ती पेटीच्या आंत बसविलेली असेल तर जाणत्या कारागिराकडे जावें. चकती बदलण्यापूर्वीं प्रारंभींच्या मांडणीचें छायाचित्र घ्यावें. विंडोजच्या 'बिटलॉकर'चें कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली लिहून ठेवावी. मांडणी बदलली असतां यंत्र ती मागूं शकतें. तारीख वरचेवर चुकूं लागली तर चकती क्षीण झाली असें समजावें. चुकलेल्या तारखेमुळें सुरक्षित संकेतस्थळेंहि उघडत नाहींत.

१९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रु : उष्णता आणि सततचा पूर्ण भार. ८० टक्क्यांवर भार थांबविण्याची सोय असल्यास ती वापरावी; दीर्घकाळ ठेवावयाची झाल्यास निम्म्या भारानें थंड, कोरड्या जागीं ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबूं वा टोंचूं नये, घरच्या केरांत टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

शेवटीं, ती चकती मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. गिळली गेल्यास दोन तासांतच अन्ननलिका भाजूं शकते. क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें. सेटिंग्ज पुन्हां करतां येतात. ही हानि मात्र भरून काढणें कठीण असतें.