स्थौल्यावरील मुखौषधे : कोकमाच्या निमित्ताने

स्थौल्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनांची चर्चा आता महानगरांपुरती राहिलेली नाही. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडचे स्थौल्यासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातील वैद्याकडेही सुई टाळून पोटात घेण्याचे औषध मागणारा रुग्ण येणे स्वाभाविक आहे. त्याला काय सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सेमाग्लुटाइडची गोळी मधुमेहासाठी भारतात २०२२ पासून मिळते. स्थौल्यासाठी तिच्या २५ मिलिग्रॅम मात्रेस अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ६४ आठवड्यांच्या चाचणीत तिने सरासरी १३.६ टक्के वजन घटले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ही घट २.२ टक्के होती. मात्र ही गोळी उपाशीपोटी, घोटभर पाण्यासह घ्यावी लागते व नंतर अर्धा तास काही खाता येत नाही. एवढे करूनही तिचा सुमारे एक टक्काच अंश रक्तात पोहोचतो. शिवाय सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन थांबविल्यावर घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचे दिसले आहे.

मग आपल्या वाडीतील रातांबा? त्याच्या सालीतील हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल मेदनिर्मितीस अटकाव करते, या आधारावर गार्सिनियाच्या कॅप्सूल जगभर खपल्या. परंतु १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १३५ व्यक्तींवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत याच वर्गातील गार्सिनिया कंबोजियाचा वजन घटविण्यात विशेष लाभ आढळला नाही. अशा उत्पादनांनंतर यकृतविकार झाल्याच्या नोंदीही आहेत. कोकम म्हणजे वृक्षाम्ल मानले, तर चरकाचार्यांनी ते हृद्य गणात घेतले आहे, लेखनीय गणात नव्हे. लेखनीय गणात मुस्ता, हरिद्रा, वचा, कटुरोहिणी, चित्रक ही द्रव्ये येतात. आमसूल ताटात रुचीसाठी अवश्य असावे. स्थौल्याचे औषध म्हणून त्याचा डांगोरा पिटू नये.

सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिक्षुधा व अतितृष्णा आहेत. मेदाने मार्ग रोखल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो व अग्नी प्रदीप्त करतो, ही त्याची संप्राप्ती. नवी औषधेही प्रामुख्याने क्षुधेवरच कार्य करतात, हे साम्य मननीय आहे. म्हणूनच गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला गेला. यव, मधु, त्रिफळा, गुडूची, विडंग, तक्रारिष्ट यांच्यासह रूक्ष-उष्ण बस्ती, उद्वर्तन, व्यायाम व जागरण यांचाही तेथे उल्लेख आहे. एका गोळीत सामावणारी ही चिकित्सा नव्हे.

औषधविक्रेत्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सिब्युट्रामिन हे मुखौषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका व युरोपच्या बाजारातून गेले आणि २०११ मध्ये भारतातही बंद झाले. तरीही 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविणाऱ्या उत्पादनांत ते मिसळलेले वारंवार सापडले आहे. आठवड्यात चमत्कार दाखविणारी, परवाना क्रमांक नसलेली कॅप्सूल दुकानात ठेवणे म्हणजे रुग्णाचे हृदय व आपले नाव दोन्ही पणास लावणे होय. दुसरे असे की, १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. त्यावरील उपचाराचा दावा करणारी पाटी लावणे हाही गुन्हा ठरतो.

वैद्यांनी प्रत्येक स्थूल रुग्णास इंजेक्शन अथवा गोळी चालू आहे का, हे प्रथम विचारावे. या औषधांनी उलट्या, अतिसार होऊ शकतात. अशा वेळी वमन, विरेचन वा कडक लंघन योजल्यास जलक्षयाचा धोका संभवतो. मधुमेहाची अन्य औषधे चालू असल्यास रक्तशर्करा घसरण्याचीही भीती असते. चालू औषध परस्पर बंद करावयास न लावता संबंधित डॉक्टरांशी बोलावे. क्षुधा, निद्रा, कटिमाप व वजन यांची दरमहा नोंद ठेवावी. आपल्या चिकित्सेचा गुण किती व कोणास येतो, हे उद्या याच नोंदी सांगतील.