खांद्यातील 'रोटेटर कफ' फाटण्याची कारणे : बैहर परिसरातील श्रमजीवनाच्या संदर्भात

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा बैहर तालुका हा पठारावरील, जंगलाने वेढलेला प्रदेश आहे. गोंड व बैगा या आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. धानाची शेती, तेंदूपत्ता संकलन, जळाऊ लाकडाची वाहतूक आणि मलाजखंड येथील तांब्याची खाण ही येथील लोकांच्या उपजीविकेची प्रमुख साधने होत. या सर्व कामांत खांद्यावर सतत ताण पडतो. असे असूनही खांदा दुखू लागला की 'वात धरला' किंवा 'वय झाले' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. हात वर जात नाही म्हणून काम टाळणाऱ्यास प्रसंगी कामचोरही ठरविले जाते. प्रत्यक्षात अशा अनेकांच्या खांद्यातील कंडरा फाटलेली असू शकते. ती का फाटते, हे समजून घेणे या लेखाचा उद्देश आहे.

१) रचना

मानवी शरीरात सर्वाधिक दिशांना फिरणारा सांधा खांद्याचा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि ज्यात तो बसतो ती खवाट्याची खोबण मात्र उथळ असते. म्हणून हा माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायूंना करावे लागते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस ही त्यांची नावे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यास कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन सांध्याभोवती जे आवरण तयार करतात, तेच 'रोटेटर कफ'. यांपैकी सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वांत अधिक वेळा फाटते. ती दंडाच्या माथ्यावरून आणि अक्रोमिअन नावाच्या छपरासारख्या हाडाखालून जाते.

२) आघाताने फाटणे

पहिले कारण म्हणजे आघात. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून घसरून हात टेकणे, मोटारसायकलवरून पडणे किंवा जड वस्तू झटक्याने उचलणे, यांमुळे कंडरा एकाएकी फाटू शकते. चाळिशीनंतर खांदा निखळला, तर सांधा बसविल्यावरही कंडरा फाटलेली राहण्याची शक्यता अधिक असते. केवळ सांधा बसला म्हणजे उपचार संपला, असे मानणे म्हणूनच घातक ठरते.

३) झिजून फाटणे

परंतु बहुतेक वेळा कंडरा एका दिवसात फाटत नाही. ती वर्षानुवर्षे झिजते आणि मग एखाद्या किरकोळ कामाचे निमित्त होते. वयोमानानुसार तिच्यातील तंतू कमकुवत होतात व रक्तपुरवठा मंदावतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ४११ व्यक्तींची सोनोग्राफी करण्यात आली. ५० ते ५९ वयोगटात १३ टक्के, तर ८० वर्षांपुढील गटात ५१ टक्के व्यक्तींची कंडरा फाटलेली आढळली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वय हे यामागील मोठे कारण आहे. आणि फाटलेली प्रत्येक कंडरा दुखतेच असे नाही.

४) हाड घासते की कंडरा झिजते?

अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये असे मांडले की, हात उचलताना कंडरा अक्रोमिअनवर घासते व त्यामुळे फाटते. त्यानंतर हे हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर रूढ झाल्या. तथापि २०१८ मध्ये ब्रिटन व फिनलंड येथील चाचण्यांत खांदेदुखीच्या काही रुग्णांचे हाड तासले, तर काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही गटांना मिळालेल्या आरामात उल्लेखनीय फरक दिसला नाही. त्यामुळे केवळ हाडाला दोष देणे आता मागे पडले असून कंडरेची आतून होणारी झीज अधिक महत्त्वाची मानली जाते.

५) श्रम व सवयी

झीज वाढविणाऱ्या बाबींत खांद्याच्या वर हात नेऊन वारंवार करावयाची कामे प्रमुख आहेत. धानाचे भारे गाडीवर चढविणे, डोक्यावरील मोळी हाताने सावरणे, मळणीच्या वेळी पेंढ्या उचलून आपटणे, भिंती रंगविणे ही त्याची परिचित उदाहरणे. फळ्याच्या वरच्या भागात तासन्‌तास लिहिणारे शिक्षकही यास अपवाद नाहीत. जो हात अधिक वापरला जातो, त्याच खांद्यात हा विकार अधिक आढळतो. धूम्रपान, मधुमेह व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचाही याच्याशी संबंध दिसून आला आहे. काही कुटुंबांत आनुवंशिक प्रवृत्तीही असते.

६) ओळख व दक्षता

रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, हात बाजूने उचलताना कळ येणे, उचललेला हात तोलता न येणे ही प्रमुख लक्षणे. 'फ्रोजन शोल्डर' या विकारात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. कंडरा फाटली असता दुसऱ्याने उचलल्यास हात बहुधा वर जातो, पण रुग्णाला तो स्वतः तेथे धरून ठेवता येत नाही. अर्थात निश्चित निदान सोनोग्राफी वा एमआरआयनेच होते.

झिजून फाटलेल्या अनेक कंडरांना शस्त्रक्रिया लागत नाही. योग्य व्यायामाने इतर स्नायू बळकट होऊन हात पुन्हा कामाचा होतो. आघाताने फाटलेल्या कंडरेची गोष्ट वेगळी. विलंब झाल्यास तिचे टोक आत ओढले जाते, स्नायू वाळतो, त्यात चरबी साठते आणि पुढे ती जोडणे कठीण होते. बैहरच्या मजुराला तपासणीसाठी घाट उतरून बालाघाट, गोंदिया वा नागपूर गाठावे लागते आणि त्यात रोजी बुडते. म्हणून तो मालीश करून दिवस ढकलतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

या मजुरांची मुले महाविद्यालयात शिकत असतात. पडल्यानंतर वडिलांचा हात वर जात नसेल, तर आठवडे न दवडता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, एवढे जरी शिक्षकांनी वर्गात सांगितले, तरी एखाद्या घरातील कमावता हात वाचू शकेल.