जिन, इंजिन आणि जन्म

आजच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. ऐकताना ज्यांची स्पेलिंगं सुटली, त्यांनी इथं निवांत वाचा.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. मी अकोल्याचा. बीटेक अमरावतीला केलं. शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला समोरच्यांनी विचारलं, वडील काय करतात? मी छाती काढून सांगितलं, "ही वर्क्स इन जिन." समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. त्यांच्या डोक्यात बाटली आली होती. मी घाईघाईत "फॅक्टरी, फॅक्टरी" म्हणालो, पण पुढचे प्रश्न मला नीट ऐकूच आले नाहीत. निवड झाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे नुसतं "खाजगी नोकरी" लिहायचो.

आपल्या वऱ्हाडात जिन म्हणजे काय, हे लहान पोरालाही माहीत असतं. शेतातून आलेल्या कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायची, ते जिनिंग. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग ती रुई दाबून गठाण बांधायची, ते प्रेसिंग. आपल्याकडे एक गठाण १७० किलोची धरतात. हिवाळ्यात जिनाच्या रांगेत उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तुम्हीही पाहिल्या असतील.

आता हा शब्द इंग्रजीत आला कुठून? नोकरीला लागल्यावर एकदा सहज डिक्शनरीत पाहिलं आणि हसूच आलं. हा जिन म्हणजे इंजिन या शब्दाचं छोटं रूप! देवनागरीत तर सरळ दिसतं: इंजिनमधला "इं" काढा, जिन उरतं. जुन्या इंग्रजीत इंजिन म्हणजे डोकं लढवून केलेली कोणतीही युक्ती किंवा यंत्र. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ मध्ये सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते "कॉटन जिन", म्हणजे कापसाचं इंजिन.

आणखी मागे जाऊ. इंजिन आलं लॅटिनमधल्या "इंजेनियम" या शब्दावरून. अर्थ: जन्मजात बुद्धी, हुशारी. त्यावरूनच इंजिनिअर. आधी हा शब्द लढाईची यंत्रं बनवणाऱ्याला वापरायचे. म्हणजे बाबांचं जिन आणि माझं इंजिनिअर एकाच घरचे. आणि मी लाजत होतो!

या घराची खूण म्हणजे जी-ई-एन ही तीन अक्षरं. अर्थ जन्म, जन्माला घालणं. आपल्या संस्कृतातला "जन्" धातू याच्याच नात्यातला. जन्म, जनक, जननी हे त्यावरूनच. आता हे शब्द पाहा:

जनरेट: निर्माण करणं. जनरेटर वीज जन्माला घालतो.

जनरेशन: पिढी, एका काळात जन्मलेले लोक.

हायड्रोजन: पाणी जन्माला घालणारा. "हायड्रो" म्हणजे पाणी.

जीन: आई-बापाकडून येणारा गुणसूत्रावरचा घटक. हा शब्द १९०९ मध्ये योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने रूढ केला. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात जमिनीतल्या एका जिवाणूचा जीन आहे. म्हणजे बीटीचा जीन आणि कापसाचं जिन दूरचे भाऊ लागतात.

इंडिजिनस: त्याच भूमीत जन्मलेलं, देशी. याचा "इंडिया"शी काही संबंध नाही. परीक्षेत इथं बरेच फसतात.

इंजिनिअस आणि इंजेन्युअस: स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक, आय की यू. पहिला म्हणजे कल्पक, दुसरा म्हणजे भोळा, निष्कपट. दोन्ही याच घरचे, पण स्वभाव वेगळे.

थांबा, आता लगेच प्रत्येक शब्दात जी-आय-एन शोधत बसू नका. अक्षरं सारखी म्हणजे नातं आहेच असं नाही. प्यायची जिन ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आली. जीन्स पँटचं नाव इटलीतल्या जिनोआ शहरावरून. जिंजर म्हणजे आलं. त्याचा माग तर आपल्याच "शृंगवेर" या संस्कृत नावापर्यंत जातो. सगळ्यात मोठा चकवा "बिगिन" आणि "ओरिजिन"चा. एक सुरुवात, दुसरा उगम. अर्थ तर जन्माशी जुळतो ना? तरी दोघंही परके. बिगिन जर्मॅनिक भाषांच्या घरातला, आणि ओरिजिन "उगवणे" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

म्हणून माझी पद्धत अशी. नवीन शब्द आला की आधी ओळखीची अक्षरं शोधायची. त्यावरून अर्थाचा अंदाज बांधायचा. मग मोबाईलवर तो शब्द टाकून पुढे "एटिमॉलॉजी" लिहायचं आणि अंदाज तपासायचा. एक मिनिट लागतं. चुकलो तर उलट तो शब्द जास्त पक्का लक्षात राहतो. मी कॉलेजात रोज पन्नास शब्दांची यादी घोकायचो, आठवड्यात निम्मे उडून जायचे. असे नात्याने लावलेले शब्द मात्र राहिले.

हे सगळं कळलं तेव्हा मी बाबांना फोन केला होता. मोठ्या उत्साहात सांगितलं, बाबा, जिन म्हणजे इंजिन! ते म्हणाले, "मंग? आमच्या जिनात पहिले तेलावरचं इंजिनच होतं ना. तुले आता समजलं काय?"

आता फॉर्मवर मी पूर्ण लिहितो: कापूस जिनिंग कारखान्यात फिटर. इंग्रजीत विचारलं तर "कॉटन जिन". "कॉटन" विसरायचं नाही, एवढं मात्र मी शिकलो.

तुमच्यासाठी काम: "जीनिअस" याच घरचा आहे का? आधी अंदाज बांधा, मग तपासा. उत्तर पुढच्या एपिसोडमध्ये. चला, भेटू!