शिवरात्रीची थंडी आणि आपल्या भागाचा हवामान अंदाज



महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आजी-आजोबा सांगतात. पण शिवरात्र होऊन गेल्यावरही एखादा आठवडा असा येतो, की सकाळी शाळेला निघताना सायकलच्या हँडलवर बोटे गारठतात आणि दुपारी त्याच मैदानावर ऊन सोसवत नाही. मग आजी चुकली का? तसे नाही. शिवरात्र तिथीप्रमाणे येते. २०२४ साली ती ८ मार्चला होती, तर २०२६ साली १५ फेब्रुवारीला. सूर्याचा प्रवास मात्र तिथीवर अवलंबून नसतो. म्हणून शिवरात्र लवकर आली, की पुढे थोडी थंडी शिल्लक असते.

ही उशिराची थंडी येते कुठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले ढगांचे पट्टे उत्तर भारतावरून जातात. त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. ते हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले, की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. जोर असला तर ते महाराष्ट्र ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथली पहाट किनारपट्टीपेक्षा मुळातच गार असते.

दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आभाळात ढग असले, की ते घोंगडीसारखे काम करतात आणि उष्णता अडवून धरतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ही घोंगडी नसते. जमीन रात्रभर निवत जाते, आणि म्हणून सर्वात कमी तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास असते. गार हवा जड असल्याने ती सखल भागात उतरते. वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय या नद्यांच्या काठच्या शेतांत माळापेक्षा जास्त गारठा जाणवतो तो यामुळेच. बेळगावात फेब्रुवारीत पहाटेचे तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास आणि दुपारचे ३० च्या वर असते. म्हणजे एकाच दिवसात १५ अंशांहून अधिक फरक!

आता अंदाजाविषयी. भारतीय हवामान खाते १८७५ पासून काम करते. त्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. बेळगाव आणि निपाणी 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या उपविभागात येतात. निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात, तर आपल्या जिल्ह्याला लागून असलेला गोवा 'कोकण व गोवा' उपविभागात. आपल्या घरी मराठी बातम्या लागतात. त्यात 'मध्य महाराष्ट्रात थंडी वाढणार' असे ऐकले, की आपण ते आपलेच समजतो. बऱ्याचदा ते खरेही ठरते, कारण वाऱ्याला सीमा नसते. परंतु इशारा जिल्हावार दिला जातो आणि बेळगाव जिल्ह्याचा इशारा बंगळुरूच्या हवामान केंद्राकडून येतो. म्हणून निपाणी, खानापूर भागातील पालकांनी दोन्ही अंदाज पाहावेत: वाऱ्याची दिशा समजण्यासाठी शेजारचा, आणि इशाऱ्यासाठी आपल्या जिल्ह्याचा. इशाऱ्याचे रंगही लक्षात ठेवावेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा.

'थंडीची लाट' हा शब्दही जपून वापरावा. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, तर हवामान खाते 'लाट' म्हणते. १२ अंशांना आपण कुडकुडतो, पण ती लाट नव्हे. अंदाजातला आकडा हा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. निरभ्र रात्री गवताच्या पात्याजवळ त्याहून दोन-चार अंश कमी असू शकतात. शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

या आठवड्यांत शेतीचे बरेच काही पणाला लागलेले असते. खानापूर-चंदगड भागात काजू आणि आंबा मोहोरावर असतो. गारठ्यानंतर एकदम ढगाळ, दमट हवा आली, की मोहोरावर तुडतुडे आणि भुरी यांचा धोका वाढतो. निपाणी भागात वाळलेल्या तंबाखूची पाने पहाटेच्या दवाने मऊ होतात, त्यामुळे हाताळताना त्यांचा चुरा होत नाही. पण अवेळी पाऊस आला तर तोच माल खराब होतो. म्हणून अंदाजात केवळ थंडी न पाहता ढग आणि पूर्वेकडील वारे यांचा उल्लेख आहे का, हेही पाहावे. बंगालच्या उपसागरावरून येणारे हे वारे ओलावा आणतात.

पालकांना विनंती, की शनिवारच्या सकाळच्या शाळेला मुलांना एका जाड कपड्याऐवजी सदऱ्यावर स्वेटर द्यावा, म्हणजे उन्हात तो काढता येईल. पाण्याची बाटली थंडीतही द्यावी, कारण कोरड्या हवेत घसा लवकर सुकतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडल्यावर करावे. परीक्षा तोंडावर असताना आजारपण परवडणारे नाही.

आणि मित्रहो, तुम्हीही एक काम करा. घराच्या सावलीच्या बाजूला, भिंतीला न चिकटवता, एक तापमापक टांगा. रोज सूर्योदयाच्या सुमारास आणि दुपारी अडीच वाजता आकडा वहीत लिहा. शेजारी आभाळ निरभ्र की ढगाळ, आणि वारा कुठून, एवढेच नोंदवा. महिनाभराने वही उघडा. ढगाळ रात्रीनंतरची सकाळ उबदार असते का, हे तुमचे तुम्हालाच कळेल. आजीला तिच्या लहानपणीच्या होळीच्या वेळच्या थंडीविषयी विचारून तेही त्याच वहीत लिहून ठेवा.