एफ-६ ची कळ

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातल्या भानगडींवर लिहावे, ही काही वाचकांना अनधिकार चेष्टा वाटेल. संतवाङ्‌मयावर आणि ग्रामीण कादंबरीवर लिहिणारे अधिकारी विद्यार्थी या अंकात आहेतच. मला जे हाताने करावे लागले आणि करता करता जे थोडेफार कळले, तेवढेच मी लिहीत आहे.

संध्याकाळी सहा ते नऊ मी आमच्या तालुक्याच्या गावी एका छापखान्यात डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, जत्रेची पावतीपुस्तके, सहकारी सोसायट्यांचे अहवाल आणि वर्षातून एकदा आपल्या महाविद्यालयाचा हा अंक, अशी कामे तेथे होतात. मालकांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. छापखान्यातील मुख्य संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. आजच्या काळात एक्सपी म्हटले की लोक हसतात. परंतु अण्णांची सारी जुनी कामे पेजमेकरमध्ये आहेत आणि मराठी अक्षरे युनिकोडपूर्व काळातील एका पॅकेजची आहेत. ते पॅकेज एका डाँगलशिवाय उघडत नाही, आणि आमच्याकडील आवृत्ती एक्सपीच्या पुढच्या विंडोजवर चालत नाही. म्हणजे एक्सपी गेले, तर वीस वर्षांची जुळणी असून नसल्यासारखी.

गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. अण्णांनी एक जुने, वापरलेले यंत्र विकत आणले. मी आमची डिस्क काढून त्याला जोडली आणि कळ दाबली. एक्सपीचे ओळखीचे बोधचिन्ह आले, खालची पट्टी दोनदा सरकली आणि एकाएकी सगळा पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत पुष्कळ मजकूर होता व तळाशी एक आकडा : शून्य-एक्स, त्यापुढे सहा शून्ये आणि शेवटी ‘७बी’.

मग एक्सपीची मूळ सीडी घालून पाहिली. तिने तर स्पष्टच सांगितले, या संगणकात एकही हार्ड डिस्क आढळली नाही.

“काय रे, गेलं का सगळं?” अण्णांनी विचारले.

“डिस्क गेली असावी, अण्णा,” मी म्हणालो.

हे माझे वाक्य साफ चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. त्या डिस्कवर एका निवृत्त शिक्षकांचे पुस्तक होते. आपल्या भागातील बोलीतले शब्द त्यांनी आयुष्यभर जमवले होते. दोन वर्षांपूर्वी गुरुजी वारले. हस्तलिखिताच्या वह्या पावसाळ्यात घराचे पत्रे उडाले तेव्हा भिजून गेल्या. उरली ती अण्णांनी जुळवून ठेवलेली पाने. वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचे होते ते पैशांअभावी राहिले आणि यंदा छापायचे ठरले होते. गुरुजींच्या पत्नी दर सोमवारी बाजाराला आल्या की छापखान्याच्या पायरीवर टेकत आणि विचारीत, “निघंल ना रे पुस्तक?” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ‘शिकलेल्या पोराला’ हे येत असणारच, असा त्यांचा आणि अण्णांचाही समज होता.

आता मुद्द्याकडे वळू. संगणक सुरू होताना प्रथम जागे होते ते बायोस. हा छोटासा कार्यक्रम मदरबोर्डवरील एका चिपमध्येच कायमचा बसवलेला असतो. डिस्क वाचण्याची कामचलाऊ विद्या त्याच्यापाशी असते. तो डिस्कच्या आरंभीचा भाग वाचतो आणि तेथील लोडरच्या हाती कारभार देतो. लोडरही बायोसच्याच मदतीने विंडोजचा गाभा आणि अगदी सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणून ठेवतो. मग गाभा उठतो आणि बायोसला म्हणतो, आता तुमचे काम संपले, येथून पुढे डिस्कशी मीच बोलेन. पण डिस्कशी थेट कोणालाच बोलता येत नाही. मध्ये एक नियंत्रक असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. त्या कंट्रोलरची भाषा जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आपल्याकडे ड्रायव्हर म्हटले की एसटी किंवा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. या ड्रायव्हरचे काम मात्र बोलणे इकडून तिकडे पोचवण्याचे आहे.

बायोस बाजूला झाला आणि दुभाषी हजर नसला, तर ज्या डिस्कवरून विंडोज आत्ताच उठले तीच डिस्क त्याला दिसेनाशी होते. ‘७बी’ या आकड्याचा अर्थ एवढाच : ज्या डिस्कवरून सुरुवात केली तिच्यापर्यंत आता पोचता येत नाही. बोधचिन्ह दिसले होते, पट्टी सरकली होती, याचा अर्थ डिस्क जिवंत होती. ती मेलेली असती तर तेवढेही दिसले नसते. हा साधा तर्क मला त्या संध्याकाळी सुचला नाही, याची खंत वाटते.

एक्सपीला हा दुभाषी का ठाऊक नाही? एक्सपी बाजारात आले ऑक्टोबर २००१ मध्ये. त्या काळी घरगुती संगणकांत आयडीई पद्धतीच्या डिस्का असत, त्या रुंद, चपट्या पट्टीसारख्या केबलने जोडत. त्यांचे ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीतच आहेत. पुढे सॅटा आले, आणि सॅटा कंट्रोलरशी बोलण्याची एएचसीआय नावाची सामाईक रीत २००४ साली ठरली. तीन वर्षांनी जन्मलेल्याची ओळख २००१ च्या सीडीत कोठून असणार? विंडोज व्हिस्टापासून ही ओळख आतच आली. एक्सपीला ती शेवटपर्यंत मिळाली नाही, २००८ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्येही नाही.

मधल्या काळात कारखानदारांनी एक तोड काढली होती. बायोसमध्ये एक पर्याय ठेवत, तो निवडला की नवा कंट्रोलर जुन्या आयडीईचे सोंग घेई आणि एक्सपी फसे. आमच्या जुन्या यंत्रात हेच सोंग चालू होते, म्हणून डिस्क सॅटाची असूनही इतकी वर्षे कुणाला काही कळले नाही. ज्यांच्या बायोसमध्ये हा पर्याय आहे त्यांनी प्रथम तोच पाहावा, निम्मी कटकट वाचते. अण्णांनी आणलेल्या यंत्रात तो नव्हता.

राहिला खरा मार्ग, ड्रायव्हर बसवण्याचा. आणि येथेच गंमत आहे. इतर कोणताही ड्रायव्हर विंडोज सुरू झाल्यावर बसवता येतो. छपाईयंत्राचा ड्रायव्हर उद्या बसवला तरी चालतो. डिस्क-कंट्रोलरचा मात्र विंडोज सुरू होण्याआधी हवा, कारण विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच त्याच्यावाचून उघडत नाही. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावे, तसा हा प्रकार. ही अडचण विंडोज बनवणाऱ्यांना ठाऊक होती. मोठ्या सर्व्हरमध्ये स्कझी आणि रेड पद्धतीचे कंट्रोलर असत. त्यांच्यासाठी सीडीवरून स्थापना सुरू झाल्याबरोबर निळ्या पडद्याच्या तळाशी एक ओळ येते : तिऱ्हाईत कंपनीचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-६ दाबा. ती ओळ काही क्षणच दिसते. कळ दाबली तरी लगेच काहीच घडत नाही, यंत्र आपल्या फायली वाचत राहते. दाबणाऱ्याला वाटते, चुकले. थोड्या वेळाने विचारणा होते, मग ‘एस’ दाबून ड्रायव्हर द्यायचा.

तो द्यायचा कशातून? फ्लॉपीतून. पेनड्राइव्ह चालत नाही, दुसरी सीडीही चालत नाही. साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी! माझ्या वर्गातील किती जणांनी ती हातात धरली असेल?

फ्लॉपीचा शोध घेण्याआधी मी एक काम केले, ते मात्र बरे झाले. एका मित्राकडून पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स आणले आणि त्यावर यंत्र सुरू केले. लिनक्सला एएचसीआय येते. डिस्क दिसली. फोल्डर उघडले, गुरुजींच्या पुस्तकाच्या फायली जागच्या जागी होत्या. मी अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, फायलींची नावे वाचली आणि बाहेर जाऊन चहा सांगितला. पण चहा येईपर्यंत आमचा आनंद निम्म्यावर आला होता, कारण त्या फायलींतला मजकूर वाचता येईना. पेजमेकर नाही, पॅकेज नाही. पडद्यावर उमटली ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फायली वाचल्या होत्या, शब्द नव्हते.

त्याच रात्री लिनक्सवरूनच संपूर्ण डिस्कची बरहुकूम नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावली. सकाळपर्यंत ती चालली. मूळ डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णांच्या कपाटात ठेवली आणि पुढचे सारे प्रयोग नकलेवर केले. या लेखातील दुसरे काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

लिनक्सने आणखी एक उपकार केला. प्रत्येक कंट्रोलरला दोन अंक असतात, एक बनवणाऱ्याचा व एक वस्तूचा. आमचे निघाले ८०८६ आणि ३ए२२. ८०८६ म्हणजे इंटेल. (त्यांच्या एका प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा अंक आहे. घरचाच आकडा लावून घेतला म्हणायचा!) ३ए२२ म्हणजे आयसीएच १०-आर या चिपमधील एएचसीआय कंट्रोलर. हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे, कारण ड्रायव्हरच्या फ्लॉपीत एकसारख्या नावांची लांबलचक यादी असते : सात, आठ, नऊ, दहा, कुणापुढे ‘आर’, लॅपटॉपच्या असल्यास ‘एम’. अंदाजाने चुकीचे नाव निवडले तर यंत्र तक्रार करीत नाही. सगळे सुरळीत चालल्यासारखे दाखवते आणि पुढे पुन्हा तोच निळा पडदा.

छापखान्याच्या माळ्यावर दहा फ्लॉप्यांचा एक डबा सापडला. सातांवर बुरशी होती. यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह एका ओळखीच्या दुकानातून दोन दिवसांसाठी मिळाला. फायली फ्लॉपीच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवाव्या लागतात, फोल्डरमध्ये नाही. त्यांत ‘टीएक्सटी-सेटअप’ नावाची, ‘ओईएम’ शेपटाची एक फाइल असते, यादी तीतूनच वाचली जाते. एफ-६ दाबले, ‘एस’ दाबले, यादी आली, नाव निवडले. डिस्क दिसली! पुढे फायली नकलण्याची पायरी आली, तेव्हा यंत्राने तीच फ्लॉपी पुन्हा मागितली. फ्लॉपी आतच होती. ते मागतच राहिले. एक्सपीचे स्थापना-कार्य मोजकेच यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ओळखते, आणि आमचा त्यांपैकी नव्हता, हे मला मागाहून समजले.

शेवटी दुसरी वाट धरली, ती म्हणजे ड्रायव्हर सीडीतच मिसळून टाकण्याची. एनलाइट नावाचा एक कार्यक्रम आहे. एक्सपीच्या सीडीतील सर्व फायली डिस्कवर उतरवायच्या, एनलाइटला ड्रायव्हरचे फोल्डर दाखवायचे, तो ‘टेक्स्टमोड’ प्रकारचा असल्याचे सांगायचे, आपला कंट्रोलर निवडायचा आणि नवी सीडी भाजायची. टेक्स्टमोड म्हणजे तो निळ्या पडद्याचा, चित्रे नसलेला टप्पा. ड्रायव्हर तेथेच हवा. मूळ सीडी तिसऱ्या सर्व्हिस पॅकची घेतली, कारण डिस्कवरील एक्सपीही त्याच टप्प्याचे होते.

आता सर्वांत जोखमीचा भाग. आम्हाला नवे एक्सपी नको होते. नवे टाकले असते तर पेजमेकर आणि पॅकेज पुन्हा बसवावे लागले असते, आणि त्यांच्या सीड्या केव्हाच गहाळ झाल्या होत्या. हवी होती दुरुस्ती. सीडी सुरू झाल्यावर पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबून दुरुस्ती करा असे सुचवलेले असते. ते आपले नव्हे. त्याने केवळ आज्ञा टंकण्याचा काळा पडदा उघडतो. तेथे एंटर दाबायचे, जणू नवी स्थापनाच करायची आहे. मग करारनामा येतो, एफ-८ दाबून तो मान्य करायचा. त्यानंतर यंत्र डिस्कवर जुने एक्सपी शोधते, आणि सापडले तर ‘आर’ दाबण्याची दुसरी संधी देते. खरी दुरुस्ती ती. सापडले नाही तर थेट विभागांची यादी येते. तेथे ‘डी’ कळ विभाग पुसण्यासाठी असते. अशा वेळी एफ-३ दाबून निमूटपणे बाहेर पडावे.

एफ-८ दाबले तेव्हा अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे होते. नकलेवर काम चालले आहे हे ठाऊक असूनही माझ्या हाताला घाम आला होता. जुने एक्सपी यादीत आले. मी ‘आर’ दाबले.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. मध्ये पंचवीस अक्षरांची परवाना-कळ विचारली गेली. ती जुन्या पेटीच्या कुशीवरील चिठ्ठीवर होती, आणि झिजलेल्या दोन अक्षरांसाठी विजेरी आणावी लागली. त्यानंतर यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. बोधचिन्ह आले, पट्टी सरकू लागली. दोनदा सरकली, तीनदा सरकली. आम्ही दोघेही मोजत होतो. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या फोल्डरांनी भरलेला तो नेहमीचा पडदा उमटला.

डाँगल लावला, पेजमेकर उघडला आणि गुरुजींच्या पुस्तकाचे एक पान समोर आले. ते ‘इ’चे पान होते. पहिलाच शब्द ‘इर्जिक’ : एकाच्या शेतात गावाने आपापले बैल आणि औते घेऊन एक दिवस राबायचे, आणि त्या शेतकऱ्याने सर्वांना जेवण घालायचे. अण्णांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “आधी छापून काढ. सगळीच पानं काढ.”

त्या रात्री आम्ही सगळी पाने कागदावर काढली, शिवाय पीडीएफही केल्या. यंत्राला इंटरनेट जोडलेले नाही. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली, तेव्हा ते उघड्यावर ठेवणे शहाणपणाचे नाही. मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचे काम रोज थोडेथोडे चालू आहे, सध्या ‘ख’पर्यंत आलो आहोत. जोडाक्षरे फार मोडतात, म्हणून प्रत्येक ओळ छापील पानाशी ताडून पाहावी लागते. सोमवारी गुरुजींच्या पत्नी पायरीवर टेकल्या, तेव्हा ती पाने त्यांच्या हाती दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ती मोजली.