गटाची पेटी आणि गटाचा कॉम्प्युटर



आमच्या बचत गटाची पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ली दुसरीच्या घरी. कोणावर अविश्वास आहे म्हणून नाही, पैसा सगळ्यांचा आहे म्हणून. पण गटाचा हिशोब कॉम्प्युटरवर आला आणि ही रीत आम्ही विसरलो. सगळा हिशोब एकाच पेनड्राइव्हमध्ये ठेवला. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एकदा बँकेला यादी द्यायची होती. तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात त्याच पेनड्राइव्हवरून प्रिंट काढली. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर बारीक बाण, आणि आतला हिशोब दिसेना. कोणी म्हणालं, "फॉरमॅट मारा." तसं केलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं. कोणाचे किती हप्ते फिटले, कोणाचे राहिले, या काळजीनं दोन रात्री झोप नाही. शेवटी गटातल्या एकीच्या मुलीनं, ती कॉम्प्युटर शिकते, हिशोब शोधून काढला. व्हायरसनं फाइली पुसल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. दर वेळी नशीब असं साथ देत नाही.

व्हायरस म्हणजे आजाराचा जंतू नव्हे. तो माणसानंच मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम असतो. तो एखाद्या फाइलीला चिकटून येतो आणि आपण ती फाइल उघडली की कामाला लागतो. दुसरा प्रकार वर्म, म्हणजे किडा. धान्यातले सोंडे जसे एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात आपले आपण जातात, तसा वर्म नेटवर्कमधून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो. त्याला आपल्या क्लिकचीही गरज नसते.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा वर्म दीडशेहून जास्त देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. ब्रिटनमध्ये तर दवाखान्यांची कामं अडली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. म्हणून नेट खर्च होतं या कारणानं अपडेट बंद ठेवू नका.

आता आमच्या गटानं घालून घेतलेले नियम सांगतो.

प्रिंटसाठी वेगळा पेनड्राइव्ह. त्यात फक्त प्रिंटचा कागद, हिशोब नाही. परत आणल्यावर आधी स्कॅन, मगच उघडायचा. बाण दिसला तर क्लिक करायचं नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये व्हायरस पकडणारा प्रोग्राम आधीपासूनच असतो. तो चालू आहे ना, हे अधूनमधून बघायचं. विकतचं सॉफ्टवेअर कोणी चोरून फुकटात टाकून देत असेल, तर नको म्हणायचं. त्यातूनच व्हायरस घरात येतो.

अनोळखी ईमेलमधली फाइल उघडायची नाही. ओळखीच्या माणसाकडून अचानक काही आलं, तर आधी फोन करून विचारायचं.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा," असं पडद्यावर आलं तर फोन करायचा नाही. ती फसवणूक असते. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची.

कॉम्प्युटर विचित्र वागू लागला तर आधी इंटरनेट बंद करायचं, दुसरा पेनड्राइव्ह लावायचा नाही आणि जाणकाराला बोलवायचं.

आणि सगळ्यात मोठा नियम असा: दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशोबाची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो लगेच काढून ठेवायचा. लावलेलाच राहिला, तर व्हायरस त्या प्रतीलाही सोडत नाही. हा पेनड्राइव्ह कॉम्प्युटर असलेल्या घरी ठेवायचा नाही. किल्ली जिच्याकडे असते, तिच्याकडेच तोही असतो.

मैत्रिणींनो, पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, ही रीत आपलीच आहे. येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या हिशोबाची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे?