चित्रातील गेइशा आणि रंगवणारी मुले

गेल्या वर्षी रविवारच्या चित्रकलेच्या तासाला पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही देशोदेशींच्या पोशाखांची रंगविण्याची चित्रे दिली. त्यांत एक चित्र जपानी गेइशाचे होते. मुलाला भेटावयास आलेल्या एका पालकांनी ते पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "सर, हे मुलांना दाखविण्यासारखे आहे का?" प्रश्न रास्त होता. वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या त्याचे पुरते उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. जपानी भाषेत 'गेइ' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती; गेइशा म्हणजे कलावंत. आरंभीचे गेइशा पुरुष होते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. मैफलीत वाद्य वाजविणे, गोष्टी सांगणे, हास्यविनोद करणे हे त्यांचे काम असे. अठराव्या शतकाच्या मध्यास स्त्रिया या व्यवसायात आल्या आणि पुढील अर्धशतकात त्यांचीच संख्या मोठी झाली. त्या काळच्या शासनाने गेइशा आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे ठेवले होते. व्यवहारात ही सीमारेषा सर्वत्र पाळली गेली असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आलेल्या परकी सैनिकांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही हे नाव लावले आणि गैरसमज जगभर पसरला. 1997 साली एका अमेरिकी लेखकाच्या कादंबरीने हा विषय पुन्हा गाजला. त्या लेखकाला माहिती देणाऱ्या मिनेको इवासाकी या निवृत्त गेइशांनी त्याच्यावर दावा लावला. तो 2003 साली तडजोडीने मिटला. मधल्या काळात त्यांनी आपले आत्मचरित्र स्वतः प्रसिद्ध केले.

आता चित्राकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या चित्रांतील लांब बाह्यांची, फुलांनी सजलेली तरुणी बहुधा गेइशा नसतेच. ती शिकाऊ मुलगी असते. क्योतो शहरात तिला 'मैको' म्हणतात आणि शिक्षण पूर्ण झालेल्या गेइशेला 'गेइको'. म्हणून आम्ही नंतर दोघींची चित्रे शेजारी शेजारी काढून दिली. मैकोच्या कमरेचा 'ओबी' नावाचा पट्टा पाच मीटरहून अधिक लांब असून तो पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबतो. त्याच्या टोकाला तिच्या निवासगृहाचे चिन्ह असते. पायांत सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पादुका असतात. गळपट्टी लाल. पहिल्या वर्षी केवळ खालच्या ओठाला लाली लावण्याची रीत आहे. केस तिचे स्वतःचे असतात आणि ती रचना मोडू नये म्हणून तिला उंच उशीवर मान टेकून झोपावे लागते. केसांतील फुले महिन्यागणिक बदलतात: फेब्रुवारीत आलुबुखाराच्या जातीचा बहर, मार्चमध्ये मोहरीच्या कुळातील पिवळी फुले, एप्रिलमध्ये चेरी, मे महिन्यात जांभळे घोस, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पाने. मुलांनी आपापल्या जन्ममहिन्याची फुले रंगविली आणि जपानचे ऋतुचक्र त्यांना पाठ न करता कळले. किमोनोची डावी बाजू उजवीवर यावी लागते. उजवी बाजू वर केवळ मृतदेहाच्या वस्त्रात घेतात. काही तयार चित्रांत ही चूक आढळते.

शेजारची गेइको साधी. गळपट्टी पांढरी, ओबी आखूड, बाह्या लहान, डोक्यावर टोप, केसांत मोजकेच अलंकार. एका मुलाने विचारले, "सर, मोठी ती, मग तिला रंग कमी का?" या प्रश्नासाठीच दोन चित्रे शेजारी ठेवली होती. मैकोचे शिक्षण अपुरे असते म्हणून पाहणाऱ्याचे लक्ष पोशाख वेधून घेतो. गेइकोचे नृत्य, गायन आणि संभाषण पाहावयास लोक येतात. तिला सजावटीचा आधार लागत नाही. ही कला पाच-सहा वर्षांत संपणारी नव्हे. क्योतोच्या गिओन भागात त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा आहे. तेथे नृत्य, तीन तारांचे शामिसेन, ढोलकी, बासरी आणि चहापानाचा विधी शिकवितात, आणि वयस्क गेइकोही तेथे शिकावयास जातात.

याच तासाला एका मुलीने मैकोच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "ही किती वर्षांची? आणि आपल्यासारख्या शाळेत जाते का?" येथे रंगपेटी बाजूला ठेवून इतिहास सांगणे भाग होते. पूर्वी गरीब घरांतील सहा-सात वर्षांच्या मुली आगाऊ रकमेच्या मोबदल्यात निवासगृहाला दिल्या जात आणि त्या कर्जाच्या फेडीत त्यांचे तारुण्य सरे. 1872 साली पेरू देशाच्या एका जहाजावरील चिनी मजुरांना जपानी न्यायालयाने मुक्त केले, तेव्हा प्रतिपक्षाने विचारले की तुमच्याच देशात मुली विकल्या जातात त्याचे काय? त्याच वर्षी शासनाने गेइशा आणि वेश्या यांना अशा करारांतून मुक्त करणारा हुकूम काढला. सर्वांना शिक्षण देण्याचा जपानचा पहिला राष्ट्रीय आदेशही 1872 चाच, आणि क्योतोतील गेइकोंचा प्रसिद्ध वसंत नृत्योत्सवही त्याच वर्षी सुरू झाला. हुकुमाने प्रश्न मात्र सुटला नाही. घरातील दारिद्र्य कायम होते. तेच करार कर्जाच्या नव्या नावाने परत आले. 1947 च्या कायद्याने नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. आज क्योतोत माध्यमिक शिक्षण पूर्ण केल्यावर, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, मुली स्वतःच्या इच्छेने मैको होतात. तरीही 2022 साली एका माजी मैकोने अल्पवयात आपल्याला मद्य पाजले गेल्याचे जाहीरपणे सांगितले. म्हणजे मुलींच्या संरक्षणाचा प्रश्न आजही संपलेला नाही.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना यातले किती सांगावे? माझ्या मते वयाला झेपेल इतके, परंतु खोटे काहीही नाही. "पूर्वी गरिबीमुळे काही मुलींना लहानपणीच घर सोडावे लागे, त्यांना निवड नव्हती, शाळा सक्तीची झाल्यावर ते बदलले," एवढे त्यांना नीट समजते. त्या स्त्रियांना बाहुल्या समजणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना केवळ दुर्दैवी समजणेही चुकीचे. वर्षानुवर्षे कष्ट करून त्यांनी एक कला जिवंत ठेवली, हे श्रेय त्यांचे आहे.

गिओनमध्ये पर्यटक रस्त्यात गाठून त्यांचे फोटो काढतात, किमोनो ओढतात. म्हणून 2024 साली तेथील खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना मज्जाव करण्यात आला. हेही मी वर्गात सांगितले. त्या पालकांना माझे उत्तर असे: चित्र दाखविण्यासारखे आहे, मात्र रंगवून झाल्यावर मुलाला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. ही काय शिकली? हे तिने स्वतः निवडले का? आणि तिच्या समोर आपण उभे राहिलो तर तिच्याशी कसे वागू? तिसऱ्या प्रश्नावर त्या दिवशी वर्गातून पहिले उत्तर आले, "आधी विचारू, मग फोटो काढू."